बीव्हर लेक आणि शंभर डॉलरची फी

बेंटनव्हिल, रॉजर्समध्ये आपल्या नळाला ज्या बीव्हर लेकचं पाणी येतं, त्याचं धरण १९६६ साली पूर्ण झालं. पुढच्याच जूनमध्ये अलाबामाचा एक विमा एजंट, रे स्कॉट, इथे आला आणि शंभर डॉलर प्रवेश फी लावून त्याने बास मासे धरण्याची स्पर्धा भरवली. १०६ जण उतरले. कन्सल्टिंगवाल्याच्या नजरेने पाहिलं तर हा स्टार्टअपच!

पण तेव्हा वजनकाट्यावर येणारे मासे मेलेले असत. अशा स्पर्धा वाढल्या तशी ठिकठिकाणचे स्थानिक लोक कुरकुर करू लागले, की बाहेरचे येऊन आमचा तलाव रिकामा करतात. म्हणून १९७२ मध्ये स्कॉटने मासे जिवंत ठेवून परत सोडायची पद्धत आणली. होडीत हवा खेळवलेल्या पाण्याची टाकी आली. फार मासे वाचले, हे श्रेय त्याचंच.

तरी सगळं निभावलं असं नाही. दूरच्या फाट्यात धरलेला मासा काट्याजवळ सोडतात, आणि बरेच मासे तिथेच घुटमळतात. वसंतात नर बास घरट्यातली अंडी राखतो; त्याला तासभर जरी उचललं तरी ब्लूगिल ती फस्त करतात. उन्हाळ्यात कोमट पाण्यात सोडलेले काही मासे नंतर मरतात.

स्पर्धेच्या शनिवारी पहाटे रॅम्पवर ट्रेलरची रांग असते. मुलाला घेऊन मी आता मंगळवारी, ऑफिस सुटल्यावर जातो. काठावरचे आजोबाही तेव्हाच येतात.