गेलेले बेट, राहिलेला कोश

अकराव्या शतकातील स्पेनचा मुजाहिद अल्-आमिरी हा मूळचा गुलाम. कोर्दोव्याची खिलाफत डळमळताच त्याने दानिया बंदर व समोरची मयूरका, मनूरका ही बेटे ताब्यात घेतली. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. १०१५ साली त्याने सार्डिनिया बेटावर आरमार नेले. परंतु पुढच्याच वर्षी पिसा व जिनोव्हाच्या आरमारांनी त्याला हुसकावून लावले. मुलगा अली शत्रूच्या कैदेत पडला. तो सुटून येण्यास बरीच वर्षे लागली.

मात्र याच मुजाहिदने विद्वानांना उदार आश्रय दिला. कुरआन-पठणशास्त्राचे आचार्य अबू अम्र अद्-दानी (मृत्यू १०५३) दानियातच राहिले. इब्न सीदा (मृत्यू १०६६) हे तर अंध. तरीही त्यांनी ‘अल्-मुखस्सस’ हा अरबी शब्दांचा विषयवार कोश रचला.

१०७६ मध्ये सारागोसाच्या राजाने दानिया जिंकून घेतले व अलीची गादी गेली. तो कोश मात्र अभ्यासक आजही उघडतात.

पालकहो, मुलांसाठी जमीनजुमला जरूर ठेवा. पण आधी त्यांच्या हाती पुस्तक द्या. ते कोणी जिंकून नेत नाही.