पागेचा एक दिवस: चारा, पाणी, नाल आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "तुमचा संशोधन प्रश्न काय?" आणि बहुतेक जण उत्तर म्हणून विषय सांगतात. "मराठ्यांचे घोडदळ" हा विषय झाला, प्रश्न नाही. "पावसाळ्याचे चार महिने ते घोडे काय खात होते, आणि ते कुणाच्या शेतातून येत होतं?" हा प्रश्न झाला. विषयावर आपण माहिती गोळा करतो. प्रश्न असला की पुरावा शोधावा लागतो. आज हा फरक एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे पागेचं, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचं.

हे उदाहरण घेण्याला कारण आहे. मुखेडच्या एका बाजूला कंधारचा किल्ला, दुसऱ्या बाजूला उदगीरचा. १७६० साली उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला हरवलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण त्या फौजेतल्या प्रत्येक घोड्याला त्या दिवशीही दाणा लागला होता, पाणी लागलं होतं, हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. आज आपल्या भागात घोडा दिसतो तो वरातीत, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, नाहीतर नांदेडला हजूर साहिबच्या हल्लाबोलमध्ये. दीड-दोनशे वर्षांपूर्वी मात्र घोडा म्हणजे सत्ता होती, आणि रोजचा खर्चही.

घोडा कुणाचा, तबेला कुणाचा?

आता पुण्या-मुंबईच्या आसपास असे तबेले आहेत जिथे घोडा एकाचा असतो आणि सांभाळ दुसरा करतो. मालक महिन्याला पैसे भरतो, सवड मिळाली की येऊन रपेट मारतो. ही कल्पना नवीन वाटते, पण घोडा, स्वार आणि खर्च या तिघांची फारकत आपल्याकडे जुनीच आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकार होते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. त्याचा घोडा पागेतला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात शिवाजी महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमाखाली ठेवलं, असं येतं. कारण सरळ आहे: ज्याच्या हातात घोड्याचा दाणा, त्याच्या हातात स्वार.

हीच पद्धत पुढे इंग्रजी अमदानीत 'सिल्लेदार' या नावाने चालली. हा आपल्याच शिलेदाराचा अपभ्रंश. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. स्वाराने घोड्यासाठी रक्कम भरायची, दरमहाच्या पगारातून घोड्याचं खाणंपिणं भागवायचं, आणि घोडा उभा राहायचा रेजिमेंटच्या ठाणात. १९०३ साली ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. पहिल्या महायुद्धात मेलेले घोडे आणि संपलेलं सामान वेळेवर भरून काढणं या पद्धतीला जमलं नाही, आणि युद्धानंतर ती बंद झाली. थोडक्यात, ज्या व्यवस्थेत घोड्याचा खर्च एकेका माणसाच्या अंगावर असतो, ती शांततेत स्वस्त पडते आणि मोठ्या युद्धात कोलमडते. हे विधान लढायांच्या यादीतून निघत नाही, तबेल्याच्या हिशेबातून निघतं.

एक पत्र नीट वाचा

आता मूळ साधनाकडे येऊ. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. "शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका" हे वाक्य सांगताना लोक ज्या पत्राचा हवाला देतात, तेच हे पत्र. भाषणात त्यातला रयतेबद्दलचा भागच येतो. पण पत्र मुळात आहे पागेच्या बेगमीबद्दल.

त्याचा आशय असा. पावसाळ्यासाठी केलेला दाणा-वैरणीचा साठा बराच खर्च झालाय. गडागडांवरून धान्य आणून कशीबशी बेगमी केली आहे. आहे तोवर मनाला येईल तसं चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग लोक कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी उचलायला लागतील, आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पुढे आगीची काळजी आहे: गवताच्या गंजीजवळ चुली, तंबाखू, आणि रात्री जळता दिवा ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, इथपर्यंत.

हे वाचताना संशोधकाने थांबायचं कुठे? "महाराज किती दयाळू" इथे थांबलो तर निबंध होतो. पुढचा प्रश्न विचारायचा: एवढ्या वरच्या माणसाला उंदराच्या वातीपर्यंत का लिहावं लागलं? गवत खरोखर किती मोठी गोष्ट होती?

हिशेब मांडून बघू

माझं एमएस्सी प्राणिशास्त्रातलं, त्यामुळे इथे मला पेन उचलल्याशिवाय राहवत नाही. घोड्याला रोज साधारण आपल्या वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा-दाणा लागतो. दख्खनी तट्टू लहान चणीचं. वजन ३०० किलो धरलं तर रोजचे ६ किलो. पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर एका घोड्याला ७२० किलो. सभासदाच्या सांगण्यानुसार २५ बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार, म्हणजे एका जुमल्यात १२५ घोडे. त्यांना लागले ९०,००० किलो. नव्वद टन! ते सुद्धा कोकणातल्या पावसात, कोरडं ठेवून. एका ठिणगीत किंवा एका गळक्या छपरात सगळं जाणार. आता उंदराची वात क्षुल्लक वाटते का?

सभासद आणखी एक गोष्ट नोंदवतो: २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. परीक्षेसाठी हा आकडा आपण घोकतो. पण २५च का? घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो. २५ धरलं तर २५ घोड्यांना ६२५ लिटर, आणि ते कातडी पखालीतून आणायचं. नालबंदाचंही तसंच. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावा लागतो. २५ घोडे, ४२ दिवस: म्हणजे पावणेदोन दिवसाला एक घोडा, चार पाय. शिवाय रस्त्यात निघालेले नाल वेगळे. एका माणसाला पुरेल, पण फार मोकळा राहणार नाही, असं हे काम. बखरीतला आकडा कामाच्या मापाशी जुळतो, म्हणून तो विश्वासार्ह वाटू लागतो. याला आपण साधनाची अंतर्गत तपासणी म्हणतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. जीवशास्त्र मर्यादा सांगतं, घटना सांगत नाही. घोड्याला ६ किलो लागतात हे विज्ञान सांगेल. त्याला खरोखर ६ किलो मिळाले की नाही, हे कागदच सांगणार.

दिवस कसा जायचा

पागेतलं काम पहाटे सुरू होतं. आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या तपासायच्या, रात्रीची लीद काढायची. एक घोडा दिवसाला सहज १०-१५ किलो लीद टाकतो. ओल्या लिदीत उभं राहून खूर सडतो, म्हणून ठाण कोरडं ठेवणं हे पहिलं काम. मग पाणी, मग खरारा. खरारा नुसत्या चकाकीसाठी नसतो. हात फिरवताना सूज, जखम, गोचीड, खोगिराने पडलेली चट्टी सापडते. त्यानंतर तोबऱ्यातून चंदी. आपल्याकडे ती हरभऱ्याची किंवा भिजवलेल्या-उकडलेल्या हुलग्याची. वैरण म्हणून गवत आणि ज्वारीचा कडबा.

दाणा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यावा लागतो. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आणि त्याला ओकता येत नाही. एकदम पोटभर दाणा दिला तर पोटशूळ उठतो, किंवा खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा लंगडतो. म्हणजे उपासमारीनंतर प्रेमाने ओतलेला दाणाही घोडा मारू शकतो. पावसाळ्यात माश्या वाढतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा नावाचा ताप. त्याचा सूक्ष्म परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे शोधला. पण चिखल-माशीचे दिवस घोड्याला वाईट, हे त्याआधीच्या मोतद्दारांनाही माहीत होतं. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला कूच, या वेळापत्रकामागे नद्यांचे पूर आहेत, शेतीची कामं आहेत, तसं घोड्याचं पोट आणि खूरही आहे.

नोंद कुणाची राहते?

राजदरबारी घोड्याबद्दल ग्रंथ लिहिले गेले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये अश्वांवर सविस्तर मजकूर आहे, आणि कल्याणी, आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-उदगीरच्या शेजारीच. हिशेबाच्या कागदात घोड्याचा रंग येतो, किंमत येते. पण पहाटे लीद काढणाऱ्या माणसाचं ज्ञान कुठे शोधायचं?

एक जागा म्हणजे भाषा. निबंधात फालतू मजकूर घुसडला की आपण 'खोगीरभरती' म्हणतो. काम अडलं की 'घोडं कुठे पेंड खातंय' विचारतो. तोंडात घास कोंबला की 'तोबरा भरला' म्हणतो. आणि ज्यांना आपण दिल्लीला निवडून पाठवतो तो 'खासदार' हा शब्द जुन्या मराठीत घोड्याच्या नोकराला, मोतद्दाराला वापरत. ही सगळी पागेची भाषा आहे.

दुसरी जागा माळेगावची यात्रा. मार्गशीर्षात तिथे घोड्यांचा बाजार भरतो. खरेदीदार दात बघून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ सांगतो, पंचकल्याणी घोड्याला जास्त भाव देतो. यातलं दाताचं ज्ञान शरीरशास्त्राशी जुळतं. भोवऱ्याचं जुळत नाही, पण किंमत त्यावरही ठरते. संशोधकाने दोन्ही लिहून घ्यायचं, आणि कुठलं कशाचा पुरावा आहे हे वेगळं ठेवायचं. भोवरा घोड्याच्या तब्येतीचा पुरावा नाही, बाजाराच्या मनाचा आहे. हे सांगणारी माणसं वयस्कर होत चालली आहेत. दप्तरातला कागद आणखी पन्नास वर्षं थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत. म्हणून विषय ठरायची वाट न बघता वही घेऊन यात्रेला जा.

शेवटी, हा प्रश्न फक्त सतराव्या शतकाचा नाही. 'छावणी' हा शब्द आज मराठवाड्यात कशासाठी वापरतात? चारा छावणीसाठी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या दुष्काळात मराठवाड्यात जनावरांच्या छावण्या होत्या. घोड्यांच्या जागी गाई-बैल, आणि त्यांच्या शेजारी मुक्काम ठोकून राहिलेले शेतकरी. प्रश्न तेच होते: चारा किती, किती दिवस पुरेल, वाटप कोण करणार, आणि संपला तर जबाबदार कोण. चिपळूणच्या पत्रात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. साठा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. तुमच्यापैकी कुणी चारा छावण्यांच्या नोंदवह्यांवर काम करणार असेल, तर त्या पत्रापासून सुरुवात करा. प्रश्न तिथे तयारच आहे.