शिधा आणि सरपण: निर्वासित छावण्यांतील चुलीचा आणि दिव्याचा इतिहास

निर्वासितांच्या छावणीत पोहोचलेल्या कुटुंबाला नोंदणीनंतर शिधापत्रिका मिळते. तिच्यावर धान्य, कडधान्य, खाण्याचे तेल आणि मीठ मिळते. यांतले मका किंवा गहू कच्चे खाता येत नाहीत, आणि वाळलेल्या घेवड्याला तर दोन-तीन तास उकळावे लागते. तरीही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत मदतसंस्थांच्या यादीत जळण क्वचितच असे. अन्न पुरवणे ही मदत आणि ते शिजवणे ही ज्याची त्याची सोय, अशी वाटणी कोणी मुद्दाम केली नव्हती. ती गृहीतच धरलेली होती. छावणीतल्या चुलीचा इतिहास म्हणजे हे गृहीतक हळूहळू, आणि बरीच किंमत मोजल्यावर, मोडत गेल्याचा इतिहास आहे.

लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या माणसामागे दिवसाला साधारण एक ते दोन किलो जळण लागते. एक लाख वस्तीच्या छावणीला म्हणजे रोज शंभर ते दोनशे टन लाकूड हवे. तीन दगड मांडून केलेल्या चुलीत त्यातली बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते आणि भांड्यापर्यंत थोडीच पोहोचते. शिवाय छावण्या बहुधा सीमेलगतच्या उजाड भागात किंवा राखीव जंगलाच्या कडेला उभ्या राहतात, कारण यजमान देश सुपीक जमीन देत नाहीत. पहिल्या महिन्यात वाळक्या फांद्या संपतात, मग उभी झाडे पडतात आणि त्यानंतर मुळेही खणून निघतात. दर महिन्याला सरपणाची वाट लांबत जाते, आणि ती चालण्याचे काम जवळजवळ सगळीकडे बायका आणि मुलींच्या वाट्याला येते.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते १९९४ साली. रवांडातील नरसंहाराच्या काळात एप्रिलअखेरीस सुमारे अडीच लाख माणसे चोवीस तासांत टांझानियाच्या न्गारा जिल्ह्यात उतरली. जुलैमध्ये झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या गोमा शहराभोवती काही दिवसांत जवळपास दहा लाख लोक आले. गोम्याच्या छावण्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानाला खेटून होत्या. १९२५ साली स्थापन झालेले हे आफ्रिकेतील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान पर्वतीय गोरिलांचे घर आहे. हजारो माणसे रोज जंगलात शिरून मोळ्या बांधून आणू लागली. शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जंगलाला त्याची झळ लागली, आणि त्याच वर्षी युनेस्कोने विरुंगाचे नाव धोक्यातील जागतिक वारशाच्या यादीत टाकले. दोष मोळी आणणाऱ्यांचा नव्हता, कारण त्यांच्या हातात धान्य होते आणि चुलीत घालायला काही नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने १९९६ मध्ये पर्यावरणविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती या अनुभवानंतर.

त्याआधीच एका ठिकाणी वेगळी वाट धरली गेली होती. भूतानमधून बाहेर पडलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांसाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या. तिथे एक लाखाहून अधिक लोक राहत. आसपासची सालवने वाचावीत म्हणून या कुटुंबांना शिध्याबरोबर रॉकेलही दिले जाऊ लागले. रॉकेलवर भातही शिजे आणि संध्याकाळी चिमणीही पेटे, त्यामुळे मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक एकाच डब्यावर चालत असे. पुढे तेलाचे भाव चढले तसे उच्चायुक्तालयाने २००६ मध्ये रॉकेल बंद केले आणि दाबून बनवलेल्या कोळशाच्या विटा देण्यास सुरुवात केली. विटांवर अन्न शिजत होते, पण प्रकाश मिळत नव्हता. आंतरराष्ट्रीय बाजारातल्या एका भावाने हजारो घरांतला दिवा विझवला. चूल आणि दिवा यांचा एकत्र विचार का करावा लागतो, हे या एका निर्णयात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. याच छावण्यांत 'वज्र' या संस्थेने मोठ्या तबकडीसारख्या सौरचुली हजारो कुटुंबांपर्यंत नेल्या. त्यांच्या जोडीला गवत भरलेल्या पेट्या दिल्या. उकळी आलेले भांडे पेटीत ठेवले की अन्न आतल्या उष्णतेवर शिजत राही. सौरचूल उन्हात उत्तम चालते, पण पावसाळ्यात, पहाटे आणि रात्री तिचा उपयोग नाही. म्हणून ती जळणाची बचत करते, त्याची जागा घेत नाही.

केनियातील दादाबची कथा जास्त कठोर आहे. सोमालियातील राज्य १९९१ मध्ये कोसळल्यावर इफो, दगहाले आणि हगादेरा या छावण्या कोरड्या झुडपी प्रदेशात वसल्या. सरपणाला गेलेल्या बायकांवर दरोडेखोरांच्या टोळ्या हल्ले आणि बलात्कार करू लागल्या. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये छावणीतच जळाऊ लाकूड वाटण्याची योजना सुरू झाली. काही वर्षांनी तिचे मूल्यमापन झाले. घरात लाकडाचा पूर्ण साठा असलेल्या काळात सरपण आणताना होणारे बलात्कार सुमारे ४५ टक्क्यांनी घटले होते, पण इतर प्रसंगी होणारे बलात्कार वाढले होते. वाटप कुटुंबाच्या गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश होते, त्यामुळे उरलेल्यासाठी बाहेर जावेच लागे. आणखी एक गोष्ट योजनाकारांच्या नजरेतून सुटली होती. अनेक बायका केवळ स्वतःच्या चुलीसाठी मोळी आणत नव्हत्या. ती विकून त्या मीठमिरची, साबण आणि मुलांचे कपडे घेत. शिध्यात नसलेल्या वस्तूंसाठी रोख पैसा मिळवण्याचा तो त्यांचा एकमेव मार्ग होता. घरपोच लाकडाने ती गरज भागणार नव्हती.

सुदानच्या दारफूरमध्ये २००३ पासून पेटलेल्या संघर्षाने हाच प्रश्न पुन्हा समोर आणला. तिथले बहुसंख्य लोक देशाची सीमा न ओलांडलेले, देशांतर्गत विस्थापित होते, पण चुलीच्या दृष्टीने फरक काहीच नव्हता. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार साडेचार महिन्यांत बलात्कारपीडित सुमारे ५०० स्त्रियांवर संस्थेने उपचार केले. त्यांतल्या ८२ टक्के स्त्रियांवरचा हल्ला सरपण किंवा पाणी आणणे, शेतावर जाणे अशा नेहमीच्या कामांच्या वेळी झाला होता. पुरुष गेले तर मारले जातात आणि बायका गेल्या तर त्यांच्यावर अत्याचार होतो, या हिशेबाने कुटुंबे बायकांना पाठवत होती. आफ्रिकी संघाच्या सैनिकांनी सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर गस्त घालण्याचे काही प्रयत्न केले, पण ते नियमित राहिले नाहीत.

दारफूरच्या चुलीचा धागा मुंबईशी जुळतो. मुंबई विद्यापीठ आणि कानपूरची आयआयटी इथे शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करत होते. अमेरिकी मदतसंस्थेच्या विचारणेवरून ते २००५ च्या अखेरीस सहकाऱ्यांसह दारफूरच्या छावण्यांत गेले. भारतातील 'तारा' ही धातूची चूल त्यांनी तिथे चाचणीसाठी वापरली. मात्र जशीच्या तशी ती तिथे चालली नाही. दारफूरच्या बायका गोल बुडाच्या पातेल्यात असिदा रांधतात. हा घट्ट पिठाचा गोळा दोन्ही हातांनी जोर लावून घोटावा लागतो, आणि त्या जोरात हलकी चूल कलंडते. उघड्या माळावरचा वारा ज्वाळा बाजूला नेतो, तो त्रास वेगळाच. म्हणून चुलीला वाऱ्यापासून आडोसा करणारी कड दिली, हवेचे तोंड लहान केले, वेगवेगळ्या आकारांची पातेली बसतील अशी सोय केली आणि जमिनीवर घट्ट राहील अशी बैठक केली. 'बर्कली-दारफूर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चुलीला तीन दगडांच्या चुलीच्या निम्म्याहून कमी लाकूड लागते. तिचे कापलेले पत्रे मुंबईत तयार होऊन सुदानला जात आणि अल फाशर इथे स्थानिक कारागीर ते जोडून चूल उभी करत. अशा हजारो चुली घरोघर पोहोचल्या. रांधणाऱ्या बाईचे भांडे, तिचे अन्न आणि तिचे हात पाहून चूल घडवली की ती वापरली जाते, आणि प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर घडवली की ती कोपऱ्यात पडते. छावण्यांत वाटलेल्या कितीतरी चुली याच कारणाने अडगळीत गेल्या आहेत.

इथिओपियाने लाकूड सोडून दुसरेच इंधन वापरून पाहिले. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क निघतो, हे महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात सांगण्याची गरज नाही. इथिओपियातील फिंचा साखर कारखान्याचा मद्यार्क तिथल्या गाया या संस्थेने पूर्वेकडील जिजिगा शहराजवळच्या सोमाली निर्वासितांच्या छावण्यांत स्टोव्हसाठी नेला. केब्रिबेयाह छावणीत घरोघर हे स्टोव्ह पोहोचले. धूर नाही, काजळी नाही आणि सरपणाला जाणे नाही. अडचण एकच राही, ती म्हणजे कारखान्याकडून होणारा पुरवठा. तो अडखळला की कुटुंबे पुन्हा झुडपांकडे वळत. इथिओपियाच्याच दोल्लो आदो भागात वेड्या बाभळीचा उपयोग झाला. स्थानिक जमिनीवर बेसुमार पसरलेले हे परके झुडूप तोडण्यासाठी आणि त्याचे जळण विकण्यासाठी निर्वासित आणि गावकरी यांच्या सहकारी संस्था निघाल्या. दादाबमध्ये जे सुटले होते ते इथे धरले गेले: जळणाबरोबर हाताला कामही मिळाले.

या सगळ्या अनुभवांना धोरणाचे रूप यायला वेळ लागला. स्त्री-निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी आयोगाने २००६ मध्ये सरपण आणि हिंसा यांचा संबंध मांडणारा अहवाल काढला. त्यानंतर २००७ मध्ये जळणाच्या सुरक्षित उपलब्धतेसाठी मदतसंस्थांचा संयुक्त कृतिगट बनला. जागतिक अन्न कार्यक्रमाने २००९ मध्ये याच विषयावर स्वतःचा उपक्रम सुरू केला, म्हणजे धान्य देणाऱ्या संस्थेने चुलीची जबाबदारी मान्य केली. उच्चायुक्तालयाची ऊर्जेविषयीची पहिली जागतिक रणनीती २०१४ ते २०१८ या काळासाठी आली. लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता की छावण्यांत राहणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना वीज मिळत नाही, आणि घरातल्या धुरामुळे दरवर्षी सुमारे २०,००० विस्थापित अकाली मरतात. गोळी आणि साथ यांची नोंद होते तशी धुराची होत नाही, म्हणून हे मृत्यू इतकी वर्षे कोणाच्या हिशेबात आले नाहीत.

प्रकाशाचा इतिहास चुलीपेक्षा तरुण आहे. रॉकेलची चिमणी, मेणबत्ती किंवा चुलीचाच उजेड, यांवर छावण्यांच्या रात्री गेल्या. बांबू, गवत आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रणच. नेपाळमधील गोल्धाप छावणी मार्च २००८ च्या आगीत जवळजवळ पूर्ण जळाली. सौर कंदील स्वस्त झाल्यावर परिस्थिती बदलू लागली. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर सौर दिवे लागले, तसे अंधारात बाहेर पडायला घाबरणाऱ्या बायका आणि मुलींचे जगणे थोडे सुकर झाले.

मोठी उडी जॉर्डनमध्ये झाली. सीरियातील युद्धामुळे जुलै २०१२ मध्ये उघडलेल्या जातारी छावणीत लोकांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या तारांवरून आकडे टाकून घरे आणि दुकाने उजळली. विजेचे बिल इतके फुगले की पुरवठ्याचे तास कमी करावे लागले. अज्रक छावणी एप्रिल २०१४ मध्ये उघडली, ती विजेविनाच. वाळवंटातल्या पत्र्याच्या घरांत अडीच वर्षांहून अधिक काळ पंखा नव्हता आणि औषध गार ठेवायला फ्रिज नव्हता. मे २०१७ मध्ये तिथे आयकिया फाउंडेशनच्या पैशातून २ मेगावॅटचे सौरऊर्जा केंद्र सुरू झाले आणि सुमारे २०,००० लोकांना वीज मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जर्मनीच्या मदतीने जातारीतही १२.९ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. जवळपास ८०,००० वस्तीला मिळणारी वीज दिवसाकाठी बारा-चौदा तासांवर गेली आणि उच्चायुक्तालयाचा वर्षाला सुमारे ५५ लाख डॉलर खर्च वाचला. उभारणीच्या कामात निर्वासितांना मजुरी आणि प्रशिक्षण मिळाले. तात्पुरती म्हणून वसवलेली छावणी वर्षानुवर्षे राहते, हे कागदावर मान्य केले तरच असा खर्च करता येतो. बहुतेक यजमान सरकारे ते मान्य करत नाहीत, आणि म्हणून जॉर्डनसारखी उदाहरणे थोडी आहेत.

बांगलादेशात तर दोनेक वर्षांत चूल बदलली. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले आणि कुटुपालोंग-बालुखालीच्या टेकड्यांवर जगातील सर्वांत मोठी निर्वासित वसाहत उभी राहिली. काही महिन्यांत जंगल साफ झाले. मग बायका-मुले मुळे खणू लागली, आणि मुळे गेल्यावर पावसाळ्यात उतार ढासळू लागले. ही जागा हत्तींच्या जुन्या वाटेवर होती. पहिल्या काही महिन्यांतच हत्तींनी डझनभर माणसांचा जीव घेतला. त्यानंतर टेहळणीचे मनोरे बांधून निर्वासित स्वयंसेवकांची पथके नेमली गेली. जळणावर उपाय म्हणून २०१८ पासून स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी आणि सिलिंडर वाटण्यास सुरुवात झाली. २०१९ संपेपर्यंत छावण्यांतल्या जवळजवळ सर्व कुटुंबांपर्यंत आणि आसपासच्या अनेक बांगलादेशी घरांपर्यंत गॅस पोहोचला. सरपणाचा वापर झपाट्याने घटला आणि उघड्या टेकड्यांवर पुन्हा लावलेली झाडे टिकू लागली. मार्च २०२१ मधील भीषण आगीत किमान १५ जण मेले आणि सुमारे ४५,००० बेघर झाले. दाटीवाटीच्या बांबूच्या झोपड्यांत सिलिंडर किती जपून हाताळावा लागतो, ही जाणीव त्यानंतर अधिक तीव्र झाली.

रोहिंग्यांना छावणीबाहेर नोकरी करण्याची मुभा नाही, म्हणून गॅस विकत घेण्याइतकी नियमित कमाईही नाही. सिलिंडर भरून मिळतो तो दात्यांनी दरवर्षी नव्याने दिलेल्या पैशातून. ज्या वर्षी तो पैसा कमी पडेल, त्या वर्षी त्या घरांतल्या मुलींना पुन्हा सरपणासाठी टेकड्यांकडेच जावे लागेल.