आमच्या मुली आणि यंत्रविद्या

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. परंतु तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत जुन्या सातारा जिल्ह्यातच मोडत असत. पुढे दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून या भागाच्या कोणत्याही गोष्टीचा इतिहास लिहिताना दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रच विचार करणे मला योग्य वाटते. स्त्रीशिक्षण आणि यंत्रविद्या या दोहोंची मुळे याच मातीत आहेत. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील ज्या माळावर कारखाना उभारला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणरावांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांस ठाऊक असावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. गुण असूनही केवळ जन्मामुळे माणूस मागे ठेवला जातो, हे शल्य नांगराच्या या कारखानदारास ठाऊक होते. याच वाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. स्त्रीने शिकावे, स्वतः विचार करावा, हे यंत्रांच्या सान्निध्यात छापले जाऊ लागले. परंतु तिने यंत्रविद्या शिकावी ही कल्पना त्या काळी समाजात रुजलेली नव्हती.

पुढे १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, ज्यास नंतर वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. १९६० साली कऱ्हाडास सरकारी महाविद्यालय झाले. साताऱ्यातही कर्मवीरांच्या नावाने रयत शिक्षण संस्थेने असे महाविद्यालय काढले. इमारती उभ्या राहिल्या. मुली मात्र फार सावकाश आल्या.

देशात पहिली वाट मद्रासकडे पडली. ए. ललिता या अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी चार महिन्यांची मुलगी. गिंडीच्या महाविद्यालयातून १९४३ साली त्या विद्युत अभियंता झाल्या. आपल्या महाराष्ट्रात शकुंतला भगत यांनी १९५३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. तीही लक्ष्मणरावांनी सोडलेल्या त्याच मुंबईच्या संस्थेतून! ललिताबाईंचे वडील गिंडीसच प्राध्यापक, तर शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे नामवंत पूलबांधणीतज्ज्ञ. म्हणजे दार उघडले ते घरातून. ज्या मुलीच्या घरी असा जाणता पिता नाही, तिने काय करावे?

शकुंतलाबाई अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाल्या; पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ ही स्वतःची कंपनी काढली. पुलाचे पोलादी भाग ठराविक मापात आधीच घडवावयाचे आणि दुर्गम डोंगरात नेऊन जागेवर जोडावयाचे, अशी त्यांची पद्धत. १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे त्यांचा पहिला पूल उभा राहिला, आणि पुढे अनेक. अधिकाराची खुर्ची कोणी देईल याची वाट न पाहता त्यांनी ती स्वतःच घडविली, असे मी म्हणेन.

लीला पूनावाला यांची हकीकत निराळी आहे. फाळणीनंतर निर्वासित होऊन पुण्यास आलेल्या कुटुंबातील ही मुलगी १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियंता झाली. त्या शाखेत तेथील ती पहिलीच स्त्री. रस्टन अँड हॉर्न्सबी या इंजिनांच्या कारखान्यात तिने शिकाऊ म्हणून आरंभ केला आणि पुढे आल्फा लावल कंपनीत ती व्यवस्थापकीय संचालकपदापर्यंत पोहोचली. १९८९ साली पद्मश्री मिळाली. शिकाऊपासून संचालकापर्यंत एकेक पायरी चढणे हे मला पहिल्या प्रवेशाहूनही कठीण वाटते. १९७४ साली सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ ही जाहिरात वाचून जे. आर. डी. टाटांस पत्र लिहिले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांसही पाठ आहे. दाराची गोष्ट आपण आवडीने सांगतो, जिन्याची सांगत नाही.

जिन्यावर अडसर होता, आणि तो कायद्याचाही होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात स्त्रियांना काम देण्यास मनाई केली. हेतू रक्षणाचा होता. परंतु कारखान्यात माणूस वर चढतो तो पाळ्यांतून. ज्याने रात्रपाळी सांभाळली, बिघाड रात्री दोन वाजता निस्तरला, त्याच्याकडे उद्या विभाग सोपवितात. रात्र वर्ज्य असलेली मुलगी आराखडे, चाचणी वा अध्यापन यांकडेच वळविली जाई. महाराष्ट्राने हा निर्बंध २०१५ साली सुरक्षिततेच्या अटींवर शिथिल केला. दुसरा अडसर आपल्या उंबऱ्यावरचा आहे, आणि तो शिथिल करण्यास विधिमंडळ लागत नाही.

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. नोकरीच्या पहिल्या दशकात माझ्या वर्गातील, आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी गणितात अतिशय हुशार होती. सायकलची साखळी, शाळेची घंटा, काहीही मोडले की ती दुरुस्त करी. तिचे वडील पदविकेविषयी विचारावयास आले तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, डी.एड. करू द्या, घरासही सोयीचे पडेल.” ती उत्तम शिक्षिका झाली, परंतु तो सल्ला मी तिच्या भावास दिला नसता. गेल्या वर्षी तिची भेट झाली. तिची कन्या आज एका कारखान्यात अभियंता आहे. “गुरुजी, तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा रुजू व्हायचंय, सासरी सगळे नको म्हणतात. तुम्ही बोलाल का?” असे तिने विचारले. या वेळी मी गेलो. दोनदा गेलो. चहा उत्तम मिळाला. उत्तर अद्याप मिळावयाचे आहे.

व्यावसायिक शिक्षणात प्रवेशाची वाट आता पुष्कळ सुकर झाली आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस पात्र अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. किर्लोस्कर ब्रदर्सनेच तमिळनाडूत कोइमतूर येथे केवळ स्त्रियांनी चालविलेला पंपांचा कारखाना उभारला आहे. वाडीतील मंडळींनी तो एकदा पाहून यावा.

आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती मात्र पदवीच्या दाखल्याबरोबर संपते. बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जाऊ इच्छिणाऱ्या अभियंता भगिनींस पाळणाघराचा खर्च आणि नवे प्रशिक्षण यांसाठी त्याच निधीतून साहाय्य द्यावे, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेपुढे मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. एखाद्या सासऱ्याने पुढे यावे, अशी माझी इच्छा आहे.