थर्माकोलचं विमान: आधी तोल, मग उड्डाण

वर्ध्यात मी बनवलेलं पहिलं रिमोटचं विमान हातातून सुटताच नाक वर करून शेपटीवर आपटलं. मोटर, बॅटरी, सर्व्हो सगळं ठीक होतं. चुकला होता फक्त तोल.

तोल कुठे हवा?
विमान दोन बोटांवर उचलल्यावर जिथे आडवं राहतं, तो त्याचा गुरुत्वमध्य. सरळ पंखांच्या साध्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर ठेवा. म्हणजे पंख २० सेंटीमीटर रुंद असेल, तर ५ ते ६ सेंटीमीटरवर. शेपूट जड झाली की नाक वर उचललं जातं, पंख उचल गमावतो आणि सावरायला उंचीच उरत नाही. उपाय सोपा आहे: बॅटरी पुढे सरकवा. म्हणूनच ती सगळ्यात शेवटी, वेल्क्रोने लावायची.

चिकटवताना
साधा सुपरग्लू वापरू नका, थर्माकोल विरघळतो. कमी तापमानाची ग्लू गन चालते.

कुठे, कधी उडवाल?
पीक निघालेलं मोकळं शेत, विजेच्या तारांपासून लांब. वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे लिथियम-पॉलिमर बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. ती फुगू शकते, पेटूही शकते.

आणि हो, पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे. त्या भागात विमान नेऊच नका. इतरत्रही आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर रेड झोन तपासा.

बाकी दुरुस्त्या नंतर करता येतात. हातातून सोडण्याआधी तोल मात्र बघाच.