नर्सला आपण ‘सिस्टर’ का म्हणतो? लिस्बनपासून गोव्यापर्यंतची गोष्ट



पावसाळ्यात ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता डोकावून बघा. डेंग्यूच्या वॉर्डातून हमखास हाक ऐकू येते, “सिस्टर, सलाईन संपत आलंय!” हाक मारणारा कोणत्याही धर्माचा असो आणि धावत येणारी मुलगीही. शब्द मात्र एकच, ‘सिस्टर’.

हा शब्द इंग्रजांच्या हॉस्पिटलांतून आपल्याकडे आला. युरोपात कित्येक शतके रुग्णांची शुश्रूषा प्रामुख्याने कॅथलिक धर्मभगिनी करत असत, म्हणून वॉर्डातली बाई ती ‘सिस्टर’. पण एक काळ असा आला की काही देशांनी याच सिस्टरांवर कायद्याने बंदी आणली. त्या काळातल्या एका सिस्टरची गोष्ट आज सांगतो. तिचा धागा आपल्या शेजारच्या गोव्यापर्यंत येतो.

साथीत पोरकी झालेली मुलगी

लिबानिया हिचा जन्म १५ जून १८४३ रोजी पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळ एका उमराव घराण्यात झाला. १८५६ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ होती. पुढच्याच वर्षी लिस्बनमध्ये पीतज्वर (यलो फीव्हर) आला आणि पाच हजारांवर माणसे गेली. या दोन साथींत लिबानियाचे आईवडील दोघेही वारले. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती.

त्या वेळी डॉक्टरांच्या हातात काय होते, हे लक्षात घ्या. सलाईन आणि ओआरएस यांचा सर्रास वापर सुरू व्हायला अजून बराच काळ होता. पीतज्वर डासांमुळे पसरतो ही कल्पना कार्लोस फिनले यांनी मांडली ती १८८१ मध्ये, आणि ती सिद्ध झाली १९०० मध्ये. म्हणजे रुग्ण वाचला तर बऱ्याचदा तो शुश्रूषेमुळे. कोणीतरी घोटघोट पाणी पाजायचे, उलटी-जुलाबाने खराब झालेले कपडे बदलायचे, रात्रभर उशाशी बसायचे. हे काम करायला घरात कोणी उरले नाही, की रुग्णाचे हाल होत.

लिबानिया सरकारी आश्रयाच्या अनाथगृहात वाढली. तिथे मुलींचा सांभाळ फ्रान्समधून आलेल्या सिस्टर करत होत्या. १८६२ मध्ये या फ्रेंच सिस्टरांना पोर्तुगाल सोडावे लागले. साथीत आईबाप गमावलेल्या मुलींची ही दुसरी ताटातूट होती.

सरकारचा राग कशावर होता?

हा राग अगदीच निराधार नव्हता. १८३२ ते ३४ या यादवी युद्धात चर्चमधल्या अनेकांनी अनियंत्रित राजेशाहीची बाजू घेतली होती. मठांकडे जमीनजुमलाही मोठा होता. जिंकलेल्या उदारमतवादी सरकारने १८३४ मध्ये पुरुषांचे मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. स्त्रियांच्या मठांना नवीन मुली घेण्यास मनाई झाली. शेवटची भगिनी वारली की मठ बंद, असा तो नियम होता.

पण रुग्ण आणि अनाथ कुठे जाणार होते? सत्ता आणि मालमत्ता यांच्या भांडणात बिछान्याशेजारची बाईही दूर झाली.

नोंदणी ‘धर्मादाय संस्था’ म्हणून

लिबानियाने १८६९ मध्ये धर्मभगिनीचा वेश घेतला. तिचे नवे नाव होते मारिया क्लारा. पोर्तुगालमध्ये व्रत घेण्याची सोय नव्हती, म्हणून १८७० मध्ये ती फ्रान्समधल्या कॅले शहरी गेली. तिथल्या फ्रान्सिस्कन भगिनींकडे दीक्षाकाळ पूर्ण करून ती १८७१ मध्ये परतली आणि ३ मे रोजी तिच्या संघाची सुरुवात झाली.

कायद्याने धर्मसंघ काढता येत नव्हता. म्हणून १८७४ मध्ये या संघाला सरकारी मान्यता मिळाली ती धर्मादाय संस्था म्हणून. पोपनी १८७६ मध्ये त्याला धर्मसंघ म्हणून मान्यता दिली. सरकारी कागदावर एक ओळख, चर्चच्या कागदावर दुसरी. काम मात्र तेच होते. रुग्णालये, घरोघरचे आजारी, अनाथ मुले आणि म्हातारी माणसे. मदर क्लारा १ डिसेंबर १८९९ रोजी वारल्या. २१ मे २०११ रोजी चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी.

गोव्याचा धागा

ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतली. गोवा मात्र त्यांच्याकडेच राहिला, त्यामुळे लिस्बनचा कायदा तिथेही लागू झाला. जुन्या गोव्यातला सांता मोनिका हा १६०६ मध्ये स्थापन झालेला स्त्रियांचा मठ. नवीन मुली घ्यायला बंदी, आणि आजूबाजूचे शहर रोगराईने आधीच ओस पडलेले. तिथली शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली.

त्या मठाचे दिवस विचार करायला लावतात. सगळ्या एकत्र म्हाताऱ्या होत चाललेल्या. जी जरा धडधाकट, ती दुसरीला सांभाळणार. मग शेवटच्या बाईला कोण? मुले परदेशी असलेल्या कितीतरी आजी-आजोबांना मी तपासतो, तेव्हा हाच प्रश्न समोर असतो.

पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मदर क्लारांच्या संघाच्या भगिनी गोव्यात आल्या. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि धर्मसंघांवर पुन्हा बंदी आली. तरीही हा संघ टिकला आणि आजही भारतात काम करतो आहे.

आपण यातून काय घ्यायचे?

लिस्बनमध्ये पीतज्वर पसरवणारा एडीस डास आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. डेंग्यूवर आजही रोग मुळापासून मारणारे औषध नाही. वेळेवर तपासणी आणि नीट शुश्रूषा हाच उपचाराचा कणा आहे. म्हणून घरात कोणी आजारी असेल तर एवढे करा :

- तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.
- पाणी, ओआरएस, पेज थोडे थोडे देत राहा. रुग्णाला लघवी नेहमीसारखी होते आहे ना, हे पाहा.
- ताप उतरल्यावर बेफिकीर होऊ नका. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप सुस्ती दिसली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.
- रात्री जागणाऱ्या माणसाचीही पाळी बदला. थकलेल्या माणसाच्या नजरेतून लक्षणे सुटतात.

आणि पुढच्या वेळी सलाईन संपत आल्यावर सिस्टरला हाक माराल, तेव्हा आवाज थोडा मऊ ठेवा. ती त्या रात्री वीस जणांच्या उशाशी उभी असते.

काळजी घ्या.