बर्कनहेड पार्क : जनतेच्या निधीतून जनतेसाठी

औद्योगिक क्रांतीने इंग्लंडला संपत्ती दिली, पण गिरणी-कारखान्यांच्या गावांतून मोकळी हवा हिरावून घेतली. कामगारांना फिरावयास जागा उरली नसल्याची दखल ब्रिटिश संसदेच्या समितीने १८३३ मध्येच घेतली होती. १८४० मध्ये डर्बी येथे जोसेफ स्ट्रट या उद्योगपतीने उद्यान भेट दिले. मात्र आठवड्यातील दोन दिवस वगळता तेथे प्रवेशशुल्क होते. दात्याच्या औदार्यावर अवलंबून न राहता नगराने स्वतःच उद्यान उभारावे, या विचाराला मूर्त रूप दिले ते बर्कनहेडने.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पैलतीरावरील हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम शंभर वस्तीचे होते. विल्यम लेअर्ड यांनी १८२४ मध्ये बॉयलरचा कारखाना काढला, पुढे जहाजबांधणी वाढली आणि १८४१ पर्यंत लोकसंख्या आठ हजारांवर गेली. १८४३ मध्ये संसदेच्या कायद्याने नगर सुधारणा मंडळाला उद्यानासाठी सार्वजनिक निधी वापरण्याचा अधिकार मिळाला. मंडळाने २२६ एकर जमीन घेतली. त्यातील सुमारे १२५ एकर उद्यानासाठी राखली आणि भोवतालचे भूखंड घरबांधणीसाठी विकून खर्च भरून काढण्याचे ठरविले.

आराखडा जोसेफ पॅक्स्टन यांचा, तर प्रत्यक्ष कामावर देखरेख एडवर्ड केम्प यांची. पाणथळ जमिनीचा निचरा करून तळी खोदण्यात आली आणि त्या मातीचे उंचवटे रचण्यात आले. ५ एप्रिल १८४७ रोजी उद्यान सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. कडेला धनिकांचे बंगले आणि आत सर्वांना मुक्त प्रवेश, अशी ही तडजोड होती. श्रीमंतांच्या भूखंडांतून उभी राहिलेली हिरवळ कामगाराच्याही हक्काची ठरली, हे तिचे खरे मोल.

१८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे अमेरिकी प्रवासी येथे आले, ते एका स्थानिक पाववाल्याच्या आग्रहावरून. लोकशाही अमेरिकेत या लोकोद्यानाच्या तोडीचे काही नाही, असे त्यांनी नमूद केले. पुढे १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्यासह त्यांनी केलेला आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला.

२०२३ मध्ये ब्रिटनने बर्कनहेड पार्कचा समावेश जागतिक वारशासाठीच्या आपल्या संभाव्य यादीत केला. उद्यान ही चैन नसून पाणी व गटारांइतकीच नागरी गरज आहे, हा या उद्यानाने घालून दिलेला धडा आजही शिळा झालेला नाही.